चुकून आलेल्यांसाठी एक पान

अण्णा, तुम्ही जाऊन वीस वर्षं होऊन गेली, आणि आज मी तुम्हाला एका पानाबद्दल सांगायला बसलोय. मी कॉम्प्युटरवर काहीतरी करतो, एवढंच तुम्हाला ठाऊक होतं. "सावलीत बसून करायचं हाय ना, मग झालं," म्हणायचात. आता मी भोरमधल्या मुलींच्या एका वसतिगृहाची वेबसाइट सांभाळतो. प्रवेशाचा अर्ज तिच्यावरच भरायचा असतो.

यंदा उन्हाळ्यात ती वेबसाइट मी नव्याने बांधली आणि अर्जाच्या पानाचा पत्ता बदलला. जुना पत्ता मात्र आधीच्या पत्रकांवर छापलेला, आणि ती पत्रकं वेल्ह्याकडच्या शाळांच्या भिंतींवर अजून चिकटलेली. नसलेलं पान कुणी मागितलं की चारशे चार हा आकडा आणि इंग्रजी शब्द दिसतात. मला ते तुसडं वाटायचं. म्हणून अशा प्रत्येकाला काही न बोलता पहिल्या पानावर पाठवायची सोय मी केली. तिथे गणपतीचा मोठा फोटो आणि स्वागताचे चार शब्द. मला वाटलं, सौजन्य झालं.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी वेल्ह्याकडचे एक गृहस्थ नसरापूरला एसटी बदलून वसतिगृहात आले. मी तिथेच होतो. मोबाईल पुढे धरून म्हणाले, "सायेब, दोन दिस म्या दाबतोय, आन् ह्यो गणपतीच पुढं येतोय. पोरगी रडाय लागली. माझंच काय चुकतंय का?"

"गणपती पावला म्हणा की," वसतिगृहाच्या बाई हसून म्हणाल्या, आणि त्यांनी अर्ज कागदावर भरून घेतला. मुलीला पुढे जागाही मिळाली. त्या वेळी मी गृहस्थांना म्हणालो, "तुमच्याकडं रेंज नसंल."

दुसऱ्या दिवशी सर्व्हरवरची नोंद उघडली. तोच जुना पत्ता, दोन दिवस, पुन्हापुन्हा मागितलेला. रेंज होती. दर वेळी मीच त्यांना उंबऱ्याशी परत आणून सोडत होतो.

मग तुम्ही शिपाई होतात ती कचेरी आठवली. मी विशीत आहे, तुमचा डबा घेऊन आलोय. "जेवून येतो, बस जरा," म्हणत तुम्ही दाराजवळचं स्टूल मला देता. धरणापलीकडून लाँचने आलेली एक म्हातारी विचारते, सातबाराचा उतारा कुठं मिळंल? मी म्हणतो, "हितं न्हाई, आजी. फुडच्या दाराला विचारा." पुढच्या दाराला काय मिळतं, हे मला ठाऊक नसतं. थोड्या वेळाने ती पुन्हा माझ्यासमोर येते, मी तेच सांगतो, आणि ती निघून जाते. तुम्ही आलात, ऐकलंत. आवाज न चढवता म्हणालात, "नुसतं न्हाई म्हणायला शिपाई कशाला पायजे? कुलूप लावलं तरी चालतंय. हितं न्हाई, तर कुठं, आन् कुणाकडं, ह्ये सांगाय मला बसवलाय." आणि भर उन्हात तिला शोधायला स्टँडपर्यंत गेलात. ती लाँच गाठायला निघून गेली होती.

आता जुना पत्ता थेट अर्जाकडे नेतो. बाकी चुकलेल्यांसाठी वेगळं पान केलंय. फोटो नाही, वेल्ह्याकडच्या खोऱ्यात तो उघडायला फार वेळ लागतो. त्यावर एवढंच लिहिलंय: तुम्ही मागितलेलं पान इथे नाही. चूक तुमची नाही. अर्ज इथे आहे. तो उघडला नाही तर या नंबरावर दहा ते पाच माणूस भेटेल. सगळी वेबसाइटच बंद पडली तर दिसणारं एक साधं पान दुसरीकडे ठेवलंय. देवाला हात जोडून दोन्ही चालू केली, आणि वेल्ह्याच्या स्टँडवर जाऊन मुद्दाम चुकीचा पत्ता टाकून पाहिला. उघडलं.

हा कागद मी देव्हाऱ्याच्या खणात ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे धाडणार. पण एक राहिलं. काल ते गृहस्थ मुलीला भेटायला आले होते. म्हणाले, "आता आमच्याकडं रेंज लई सुधारली, सायेब. समदं पटकन उघडतंय."

मी "व्हय" म्हणालो, अण्णा.