दोन काठांचा मतदारसंघ

३ फेब्रुवारी

चि. चिमण यास आत्याचे अ. आ.

तुमचे कुशल सूनबाईच्या फोनवरून कळते. तू स्वतः मात्र वर्तमानपत्रातूनच भेटतोस. संसदेत तुला माननीय सदस्य म्हणतात आणि मी अजून चिमण म्हणते, याबद्दल तक्रार असल्यास रीतसर लिहून पाठव. विचार करीन.

आता मुद्दा. आपल्या मतदारसंघाचा इतिहास ग्रंथालयासाठी लिहिण्याचे काम मी निवृत्त झाल्यावर अंगावर घेतले, ते संपत आले आहे. जेवणाच्या टेबलावर पहिल्या निवडणुकीपासूनचे निकाल पसरले आहेत आणि मी स्वयंपाकघरात उभ्याने जेवते. नेमका याच वेळी सीमा-आयोगाने प्रस्ताव काढला आहे, की हा मतदारसंघ मोडावा आणि नदीवरून रेघ ओढून त्याचे दोन करावेत. वरचा काठ एकीकडे, गिरणीचा काठ दुसरीकडे, आणि दोघांना शेजारची गावे जोडायची. पुढच्या महिन्यात जाहीर सुनावणी आहे. तेथे मी प्रस्तावाच्या विरुद्ध निवेदन करणार आहे.

रेघ ओढली तर तुझा फायदा आहे, हे मला कळते. वरच्या काठाने तुला दोन्ही वेळा भरभरून मते दिली, गिरणीकाठाने दोन्ही वेळा नाकारले. तो काठ गळ्यातून सुटला की तू जन्मभर निवडून येशील. म्हणजे मी तुझ्या पोटावर पाय देणार आहे. हे तुला परक्याच्या तोंडून कळू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

माझा युक्तिवाद थोडक्यात असा. पहिली निवडणूक डॉक्टरांनी जिंकली, तीही जेमतेम. त्यांच्यामागून छापखानेवाले आले, मग मुख्याध्यापिका, मग ते वकील, जे सभागृहात एकदाच बोलले आणि तेही खिडकी लावून घ्या म्हणून. पक्ष बदलले, माणसे बदलली, पण दोन्ही काठांनी एकाच उमेदवाराला कौल दिला असे एकदाही घडले नाही. त्यामुळे जो निवडून आला त्याला, आपल्याला ज्यांनी नाकारले त्यांच्या दारात जावे लागले. गिरणीकाठचा दवाखाना, मुलींची शाळा, पुराची भिंत ही सारी कामे थोडक्यात निवडून आलेल्यांच्या काळातली आहेत. वकील मोठ्या फरकाने आले. त्यांच्या काळात त्या काठाला काहीही मिळाले नाही. मतदारसंघ मोडला तर दोन्हीकडे निवांत वकील बसतील.

आणखी एक. निवेदनाच्या आरंभी आपला हितसंबंध सांगावा लागतो. मी दोन गोष्टी सांगणार आहे. विद्यमान सदस्य माझ्या भावाचा मुलगा आहे, ही एक. गेल्या निवडणुकीत मी त्याला मत दिलेले नाही, ही दुसरी. पहिली सांगून दुसरी ठेवून दिली तर ऐकणाऱ्याचा समज अर्धवट होईल.

रागावलास तर सविस्तर रागाव. लोभ होता तसा राहू द्यावा, ही विनंती आहे, मागणी नव्हे.

तुझी,
आत्या

———

१० फेब्रुवारी

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र कचेरीच्या जिन्यातच उघडलं आणि तिथंच बसून वाचलं. खालच्या दुकानातले घड्याळजी वर बघून विचारायला लागले, की साहेब, काही वाईट बातमी का. म्हटलं, नाही, आत्याचं पत्र आहे. ते म्हणाले, मग बसा निवांत.

आत्या, मतदानाच्या दिवशी तुला गाडीतून केंद्रावर मी नेलं होतं! तुझा गुडघा धरला होता म्हणून हाताला धरून पायऱ्या चढवल्या, बाहेर पिशवी सांभाळत उभा राहिलो. आणि तू आत जाऊन हे केलंस? वर आता ते आयोगासमोर वाचून दाखवणार! मत गुप्त असतं, हे मला शाळेत तूच शिकवलंस. तुझ्या सूनबाईला पत्र दाखवलं, तर ती आधी पोट धरून हसली आणि मग म्हणाली, की घरातलं एक मत ज्याला राखता येत नाही, त्यानं देशाच्या गप्पा मारू नयेत. धाकटी आता मला दिवसभर “पडेल उमेदवार” म्हणून हाक मारते आहे.

चेष्टा बाजूला ठेवतो. पक्षाच्या चिटणीसांनी कचेरीत नवा नकाशा लावला आणि सगळ्यांना चहा पाजला. मला म्हणाले, सुटलात. खरं सांगू? मलाही तसंच वाटलं. दर निवडणुकीच्या आधी महिनाभर माझ्या पोटात गोळा येतो. धाकटीचं शिक्षण अजून व्हायचं आहे. वकिली सोडून इतकी वर्षं झाली की अशील उरलेले नाहीत. एकदा तरी निकालाच्या दिवशी निर्धास्त बसावं असं मला वाटलं, तर ते पाप आहे का?

आणि तुझ्या युक्तिवादाला एक भोक आहे. छापखानेवाल्यांना वरच्या काठानं इतकी मतं दिली होती, की त्यांना गिरणीकडं बघायचीसुद्धा गरज नव्हती. तरी पूल आणला तो त्यांनीच. मग धाकाशिवाय काम होत नाही, हे कसं? उत्तर दे.

आणि ते मताचं वाक्य तेवढं गाळ. एवढं ऐक.

तुझा, अजून तरी तुझा,
चिमण

———

१६ फेब्रुवारी

चि. चिमण यास अ. आ.

तुझा आक्षेप बिनतोड आहे. पुलाची गोष्ट मी पुस्तकात लिहिली होती, पण तिला निष्कर्षाच्या समोर उभी केली नव्हती. अशी चूक करणाऱ्या विद्यार्थ्याला मी वर्गाबाहेर काढत असे. आता विधान असे सुधारते: ज्याला धाक नाही तो चांगले काम करू शकतो, पण मग ते काम त्याच्या मर्जीवर राहते. गिरणीकाठच्या लोकांनी कोणाच्या मर्जीवर का राहावे? छापखानेवाले भले होते. त्यांच्यानंतरच्याने भले असावे, असा कायदा करता येत नाही.

मताचे वाक्य राहील. गुप्ततेचा नियम मतदाराच्या रक्षणासाठी असतो, उमेदवाराच्या नव्हे. मला रक्षण नको आहे. पायऱ्या चढवल्याबद्दल मी तुझे आभार त्याच वेळी मानले होते. मत ही आभारांची परतफेड नसते.

कारण मात्र तुला सांगायला हवे. तुझ्या पहिल्या कारकिर्दीत आमच्या काठचा दवाखाना उचलून तुमच्याकडे नेला. सभागृहात तू पक्षाबरोबर हात वर केलास आणि अवाक्षर बोलला नाहीस. माझ्या खिडकीतून पूल दिसतो. त्या वर्षी बायका आजारी मुलांना खांद्यावर टाकून तो ओलांडत होत्या, ते मी रोज पाहिले. मग तुझ्या नावापुढे खूण करणे जमले नाही. त्या निवडणुकीत तू जेमतेम वाचलास. त्यानंतर मात्र दर शनिवारी पूल ओलांडून न्हाव्याच्या दुकानामागच्या खोलीत बसू लागलास, आणि दवाखाना परत आणलास. मला तुझा अभिमान वाटतो तो तेव्हापासून. माझ्या युक्तिवादातला सर्वांत ताजा पुरावा तूच आहेस.

पोटातल्या गोळ्याला मी हसत नाही. दादा गेल्यावर तू या घरी राहायला आलास तेव्हा परीक्षेच्या आधी असाच पोट धरून बसायचास. मग माझ्याशी वाद घालायचास आणि वाद घालता घालता झोपी जायचास. उरलेला मुद्दा मी पांघरूण घालून मिटवत असे. आता तेवढ्याने भागत नाही, याचे मला वाईट वाटते.

निर्धास्त बसावेसे वाटणे पाप नाही. पण तुझ्या निर्धास्तपणाची किंमत कोण देणार, हे विचारणे माझे काम आहे. निवेदनाची प्रत सोबत आहे. विरोधात बोलायचे असेल तर तयारीने ये. माया आहे तितकीच आहे. तिला या प्रकरणात साक्षीला बोलावू नये.

तुझी,
आत्या

———

५ मार्च

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

काल सुनावणीला मी आलो होतो. मागच्या रांगेत, खांबाआड. चिटणीसांनी बजावलं होतं, की तोंड उघडायचं नाही. प्रस्ताव आपल्या सोयीचा आहे, तो आपोआप होऊ द्या.

तू चष्मा बदललास, पाणी प्यालीस आणि त्या मताच्या वाक्यानंच सुरुवात केलीस. गिरणीकडची मंडळी बाकं वाजवून हसली. माझ्या शेजारचे एक आजोबा मला न ओळखता म्हणाले, की आत्या असावी तर अशी. मी मान डोलावली. काय करणार!

पुढं तू सगळ्या निवडणुका एकेक करून मांडल्यास. आवाज चढला नाही, कुणाला नावं ठेवली नाहीस. वकिलांच्या खिडकीवर आयोगाचे अध्यक्षसुद्धा हसले. शेवटी त्यांनी विचारलं, की या विषयावर आणखी कुणाला बोलायचं आहे का. आत्या, मी उठलो होतो. अर्धा उठलो होतो. मग चिटणीसांनी वळून बघितलं आणि मी कोट सरळ केल्यासारखं करून खाली बसलो.

तुला न भेटताच निघालो. पुलावरून चालत गेलो आणि अर्ध्यातून परतलो. तोंड दाखवायला जागा नव्हती.

चिमण

———

९ मार्च

चि. चिमण यास अ. आ.

तू खांबाआड बसला होतास हे मला दिसले. तुझे कान खांबाआड मावत नाहीत. दादाचेही मावत नसत.

तू बोलला नाहीस म्हणून मी तुला बोल लावणार नाही. तुझ्या एका वाक्याने आयोगाचे मत फिरले असते, असे मानायला मला आधार दिसत नाही. तू अर्धा उठलास, हे मात्र मी टिपून ठेवले आहे, आणि ते मला पुरते. पूल अर्ध्यात सोडून परत गेलास, याचा मात्र राग आला. मी दार लोटून ठेवले होते. दोघांपुरते गरम केलेले एकटीला संपवावे लागले.

पुढच्या शनिवारी काम आटोपल्यावर घरी ये. निवडणुकीचा विषय काढणार नाही. दिवाणखान्यातला दिवा लुकलुकतो, तो बघ.

तुझी,
आत्या

———

२० एप्रिल

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

निर्णय तू वाचला असशीलच. आयोगानं तुझ्या निवेदनाची अहवालात चांगली पानभर स्तुती केली आहे आणि मग रेघ नदीवरूनच ओढली आहे. अशी स्तुती फक्त हरलेल्याच्या वाट्याला येते, हे मला अनुभवानं माहीत आहे.

कचेरीत दिवसभर अभिनंदनाचे फोन चालू होते. तुझं घर गिरणीच्या बाजूला गेलं. म्हणजे पुढच्या निवडणुकीपासून तू माझी मतदार नाहीस. चिटणीस म्हणाले, बरं झालं, एक विरोधक कमी झाला. सगळे हसले. मीही हसलो आणि मग उगाच खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

शनिवारी न्हाव्याच्या मागच्या खोलीत बसलो होतो. एक बाई मुलाच्या पायाच्या शस्त्रक्रियेचं विचारायला आल्या. गेलं वर्षभर येत होत्या, काम अर्ध्यावर आलं आहे. त्या दारातच थांबल्या आणि अगदी अदबीनं म्हणाल्या, की साहेब, तुम्ही आता आमचे राहणार नाही, तर हे पुढं कुणाला सांगायचं, तेवढं नाव द्या. टोमणा नव्हता गं त्यात. खरंच विचारत होत्या. त्यांनी मला दोनदा मत दिलेलं नाही, हे त्यांनीच मला मागे सांगितलेलं आहे. माझ्याकडं द्यायला नाव नव्हतं.

सोमवारी मी चिटणीसांना सांगितलं, की मला उमेदवारी गिरणीकाठची हवी. त्यांना वाटलं, उन्हानं डोकं फिरलं. मग ते चिडले. म्हणाले, ताटात वाढलेलं सोडून उठणारा माणूस पक्षाला परवडत नाही. पण ती जागा दुसरं कुणी मागतच नाही, त्यामुळं बहुतेक मिळेल. तुझी सूनबाई म्हणाली, पडलास तर वकिलीची पाटी पुसून ठेवते, घाबरू नकोस.

तुझं पुस्तक काय म्हणतं ते सांग. आत्या म्हणून नको, पुस्तकवाली म्हणून सांग.

तुझा,
चिमण

———

२६ एप्रिल

चि. चिमण यास अ. आ.

विचारलेस म्हणून सांगते. गिरणीकाठाने वरच्या काठावर राहणाऱ्या उमेदवाराला आजवर एकदाही बहुमत दिलेले नाही. जोडलेल्या गावांत तुला कोणी ओळखत नाही. तुझा पक्ष तेथे कायम मागे राहिला आहे. दवाखाना परत आणल्याचा तुला लाभ होईल, पण तो नेला तेव्हा तू गप्प होतास, हेही लोकांच्या लक्षात आहे. हे सारे जमेस धरता तू बहुधा पडशील. “बहुधा” हा शब्द मी मायेपोटी घातलेला नाही. पुराव्यात तेवढी फट खरोखरच आहे.

सुनावणीला न बोलल्याच्या पश्चात्तापाने हे करत असशील, तर करू नकोस. पश्चात्ताप दोन-चार महिने टिकतो आणि खासदारकी वर्षानुवर्षे निभवायची असते. त्या बाईला नाव देता आले नाही म्हणून करत असशील, तर माझी हरकत नाही. तुझे पत्र मी तीनदा वाचले. या दोहोंतले दुसरे कारणच खरे आहे, असा निष्कर्ष निघतो.

आता माझ्यापुरते. ज्याचा इतिहास लिहायचा त्याच्या रणांगणात उतरू नये, हा नियम मी आजवर पाळला. तुझ्या दोन्ही निवडणुकांत सूनबाईने घरोघर फिरायला बोलावले, तेव्हा मी याच कारणाने नाही म्हटले. पण तो मतदारसंघ आयोगाने मोडला. त्याचे शेवटचे प्रकरण मी काल ग्रंथालयात देऊन आले. नव्या मतदारसंघाला अजून एकही निवडणूक नाही, म्हणजे इतिहास नाही, आणि इतिहास नाही तेथे मी इतिहासकार नाही. तेथे मी केवळ एक मतदार आहे, आणि मतदाराला बाजू घेता येते.

उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून त्याच मतदारसंघातल्या मतदाराची सही लागते. तुझ्यासाठी सही करील असा तेथे दुसरा कोणी असेल असे मला वाटत नाही. न्हाव्याला विचारशील, पण तो बिचारा गिऱ्हाईक सांभाळेल की तुला? तेव्हा माझे नाव घाल. अर्ज घेऊन स्वतः ये, माणसाबरोबर पाठवू नकोस. सही करण्यापूर्वी मी तो अथपासून इतिपर्यंत वाचीन आणि चुका काढीन, म्हणून सवड काढून ये.

प्रचाराला गुडघा साथ देईल तितक्या गल्ल्या फिरेन. माझे काही विद्यार्थी त्या गल्ल्यांत आजोबा झाले आहेत. ते अजून मला घाबरतात, याचा थोडा उपयोग होईल.

लोभ आजवर वादात गुंतला होता. आता तो कामाला लागावा.

तुझी सूचक,
आत्या