यंदा फळ धरलं नाही

लोधीपुरा, बऱ्हाणपूर
ता. ३ नोव्हेंबर, तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस

चि. गायत्री,

डोक्यावरून हात फिरवते आहे असं समज. इकडे सगळे बरे. तूही बरी असशील आणि वेळेवर जेवत असशील, असं धरून चालते.

मी खुशीत आहे बघ. तिसरीतून शाळा सुटली तेव्हापासून एवढं लांब कधी लिहिलं नव्हतं, आणि अजून माझं अक्षर मला वाचता येतंय. पत्र कशाला, फोन कर ना, असं म्हणशील. पण फोन आला की तुझा बाप तो स्पीकरवर टाकतो, मग मी काय बोलणार? पाकिटावरचं इंग्रजी भूमिकेकडून लिहून घेतलं, पाकीट मात्र मी स्वतः भाताच्या शितांनी चिकटवणार आहे. तुझी बहीण गुणाची आहे, पण तिच्या पोटात काही राहत नाही.

काल तुळशीचं लग्न झालं. तुझ्या आईने उसाचा मांडव छान बांधला. शेजारची कोकिळा आली होती. तिच्याशी मी नवरात्रापासून जरा कमीच बोलते, त्याचं कारण तू. तिने विचारलं होतं, नात जर्मनीत काय करते? मी ऐटीत सांगितलं, बीचच्या जंगलात असते. मला वाटायचं बीच म्हणजे हिंदीतलं बीच, जंगलाच्या मधोमध कुठेतरी. तर ती म्हणे, "मालूबाई, बीच म्हणजे समुंदरचा किनारा. तिथं लोक उघडे पडून ऊन खातात. आमच्या रोहितनं मोबाईलमधी दाखवलं मला."

"माझी नात झाडं बघते," मी म्हटलं.

"हो का? किनाऱ्यावर कोणती झाडं असतात वो?"

मला घास गोड लागेना. शेवटी भूमिकेने सांगितलं, आजी, ते झाडाचंच नाव आहे. तो संशय फिटला. दुसरा फिटला नाही, म्हणून लिहायला बसले.

दिवाळीत तू फोनवर बापाला म्हणालीस, "पप्पा, यंदा झाडांना फळ धरलं नाही. फळ धरल्याशिवाय माझं काम पुरं होत नाही. थांबावं लागेल."

वामन म्हणाला, "झाड आहे का सरकारी नोकर, सुट्टीवर जायला?"

मी हसले, पण मनात खटकलं. बहादरपूरच्या मळ्यात आपली केळी कधी म्हणाली का, यंदा नाही, पुढच्या साली बघू? तू समजावलंस की तिथली झाडं सगळी मिळून एकाच साली भरभरून फळतात आणि मग काही वर्षं गप्प बसतात. त्यांना कोण सांगतं गं, कोणत्या साली ते? मला पटलं नाही, पण तू शिकलेली, म्हणून ऐकून घेतलं.

मग तू सांगितलंस की त्या जंगलात अंधार फार. मोठ्या झाडांची पानं एवढी दाट की खाली ऊन पोचत नाही. लहान रोपं त्यांच्या सावलीत वर्षानुवर्षं अंगठ्याएवढीच राहतात, आणि मोठं झाड पडलं की मग वाढतात. वामन म्हणाला, "आपण तर केळीखालची पिलं कापून टाकतो." आणि तू एकदम बोलायची थांबलीस. तू झाडांचंच सांगत होतीस ना? तुझ्या बापाला ते कळलं नाही. मला जरा लागलं.

आता खरं सांगते. त्याच आठवड्यात तू भूमिकेला व्हिडिओ पाठवला होतास, जंगल दाखवायला. गुळगुळीत राखाडी खोडं, खाली तांब्यासारखा पाला. किती सुंदर गं. मी तो पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. भूमिकेला वाटलं, आजीला नातीची आठवण येते. आठवण येतेच. पण मी खाली बघत होते. जाताना तू मला सांगितलं होतंस, या झाडाचं फळ काटेरी टोपणात असतं, चार पाकळ्यांनी उघडतं आणि आत तिकोनी दाणा असतो. तर तुझ्या पायाखाली टोपणंच टोपणं. तू चालत होतीस आणि कडकड आवाज येत होता.

मी मनाला म्हटलं, मागल्या सालचं असेल. पण तू वाकून एक दाणा उचललास, दाताने सोललास आणि खाल्लास. वर मान डोलावलीस, गोड लागल्यासारखी. मागल्या सालचा दाणा असा खातात का बाई?

हे मी कोणाला सांगितलं नाही.

काल लग्नाच्या अक्षता पडल्या आणि चांदनी गावाहून तुझ्यासाठी पाहुणे आले. मुलगा अक्षय, रेल्वेत आहे. मुलगा चांगला दिसतो, बोलतोही नीट, उगीच नाव ठेवणार नाही. त्याची आई म्हणाली, "आता तुळशीचं लग्न झालं, मुहूर्त निघाले. मुलगी कधी येते ते सांगा." वामन मला विचारायला लागला, "माय, तुझ्याशी काही बोलली का ती? मला तर ते फळाबिळाचं खोटं वाटतं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तुझी आई चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी.

मी म्हटलं, "खोटं कशाला बोलेल? मी डोळ्यांनी पाहिलं मोबाईलमध्ये. जमीन साफ होती. एक दाणा नव्हता." आणि पाहुण्यांना म्हटलं, तुम्ही पोराला थांबवू नका, दुसरीकडे बघा.

ते चहा पिऊन गेले. वामन ओट्यावर बसून राहिला. माझ्या बोलण्यावर तो शंका घेत नाही, लहानपणापासून नाही. म्हणून रात्री मला भाकर गेली नाही.

तिथं कोणी आहे का गायत्री? असेल तर मला सांग, कसाही असो. कोणी नसेल, नुसतं ते जंगलच सोडवत नसेल, तर तेही सांग, मी हसणार नाही. आणि परत राहायला यायचंच नाही असं ठरवलं असशील, तर ते आधी मला कळव, बापाच्या आधी. पत्रानेच कळव, फोनवर नको.

पुढच्या साली वामन पुन्हा विचारेल. तेव्हा खरं काय ते मला ठाऊक असू दे, म्हणजे खोटं नीट बोलता येईल.

तुझ्या बाजूची,
आजी