विज्याचा उजवा गुडघा

प्रिय सदा,

मैदानावरचे दोन्ही गोलपोस्ट मी केले. चोवीस फूट बाय आठ फूट, आतून मोजलेले. बाहेरून मोजून मोकळे होणारे फॅब्रिकेटर पुण्यात भरपूर आहेत. जाळी अडकवायचे हुक मी केले, टोकं मागे वळवलेली, म्हणजे गोलकीपरचा हात फाटू नये. कोपऱ्यांवरच्या झेंड्यांचे दांडे, पंपहाऊसच्या भिंतीलगतचं आपलं बाकडं, आकडे फिरवायचा पत्र्याचा फलक आणि आता तुझ्या फोटोची चौकट, सगळं या दोन हातांचं. आयटीआयचं तोंड पाहिलं नाही, कुणाच्या हाताखाली राहिलो नाही. बघत शिकलो, भाजत शिकलो. हे तुला पाठ आहे. तरी लिहिलं, कारण हात जागेवर आहेत की नाही ते आज मलाच एकदा तपासून बघावंसं वाटलं.

येत्या रविवारी विज्या खेळणार आहे.

हो, तुझाच धाकटा भाऊ! पन्नाशी ओलांडलेला, शाळेची व्हॅन चालवणारा, जिना उतरताना कठडा धरणारा. समोर तेविशीची पोरं. तुला हे कळवायला दुसरं कुणी नाही, म्हणून मी लिहायला बसलोय.

तू असा अर्ध्या वादात उठून जाशील असं वाटलं नव्हतं. आजवर कधी गेला नव्हतास. खडकीतला अख्खा कट्टा पांगायचा, चहावाला बाकडी उलटी करायचा, तरी तू बोट वर करून म्हणायचास, "दत्ता, एकच मुद्दा राहिला." आणि हिवाळ्यात एका सकाळी, तोंड वाकडं काय होतं, हॉस्पिटल काय आणि संपलं काय! तो एक मुद्दा कोणता होता रे?

तुझा नियम आठवतो ना? कुठल्याही खेळाडूचं कौतुक करायचं असेल तर आधी त्याची एक खोट सांगायची. जुना असो, नवा असो, घरचा असो. खोट सांगता आली नाही तर तू त्याचा खेळ बघितलेलाच नाहीस, गप्प बस. किती जणांना तू त्या एका वाक्यावर गप्प केलंस! आणि विज्याच्या बाबतीत पहिली खोट तूच सांगायचास. "माझ्या भावाचा उजवा पाय देवानं नुसता उभं राहायला दिलाय." कट्टा हसायचा. विज्या सगळ्यात मोठ्यानं हसायचा. मग तू त्याच्या डाव्या पायाकडे वळायचास. कोपऱ्यातून मारलेला तो चेंडू गोलकीपरच्या डोक्यावरून कसा वळला, पोस्टाच्या आतल्या अंगाला कसा घासला, आवाज कसा आला. तू सांगायला लागलास की समोरचा चहा थंड व्हायचा.

तू गेलास आणि पंधरवडाही झाला नसेल, नियम गेला. कुणी ठरवून मोडला नाही. फक्त कुणी पाळला नाही.

आता कट्ट्यावर दोन बाजू आहेत. एक जुन्यांची, म्हणजे आपली. दुसरी तेजसची. तेजस तुला आवडायचा, तूच म्हणायचास, पोरगं मान वर करून खेळतं. त्याची वाईट गोष्ट एकच, त्याचे मित्र. हिंजवडीच्या कंपनीबसमधून उतरतात ते गळ्यातलं ओळखपत्रसुद्धा न काढता थेट वादाला बसतात. त्यांच्यात तो पिंट्या आहे, जाड भुवयांचा, डिफेन्सला खेळणारा. मी एकदा विज्याच्या त्या कोपऱ्यातल्या गोलबद्दल बोलायला लागलो, तर म्हणतो,

"काका, व्हिडिओ आहे का?"

"तेव्हा कुठला व्हिडिओ?"

"मग झालाच नाही गोल."

"मी जाळीमागे उभा होतो, अरे!"

"तुम्ही विज्याकाकांचेच दोस्त ना? मग तुमची साक्ष बाद. दुसरं कोणी आहे?"

पोरं हसली. आणि सदा, मी बाकड्यावर तुझ्या जागेकडे बघितलं. सवयीनं.

विज्या तिथंच होता. तो हसला नाही. निघताना मला म्हणाला, "दत्ता, मला खेळताना नीट बघितलेला माणूस म्हणजे दादा. तो गेला. आता मी खेळलो होतो की नाही, हे कोण सांगणार?" मी म्हटलं, "मी आहे ना." तर म्हणाला, "तुझी साक्ष बाद झाली आत्ताच. ऐकलंस ना?"

त्याचा आवाज मला आवडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

मग आपले नगरसेवक भाऊ मध्ये पडले. तेच, ज्यांना दर निवडणुकीच्या आधी खेळाची आठवण येते. म्हणाले, एवढं कशाला भांडता, होऊन जाऊ द्या एकदा, जुने विरुद्ध नवे. मैदान आमचं, मांडव आमचा, ट्रॉफी आमची. सगळे टाळ्या वाजवायला लागले. जे वाजवत होते त्यांतल्या एकालाही खेळायचं नव्हतं!

दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. "एकदाच काय तो निकाल!" डावीकडे तेजस, उजवीकडे विज्या. विज्याचा फोटो बघून मी गाडी थांबवली. भोवती झेंडूच्या माळेची चौकट, वर दोन समया, खाली हात जोडलेले. सदा, ती तुझ्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सची चौकट होती! फ्लेक्सवाल्यानं तुझी फाइल उघडली, तुझा फोटो काढला, त्या जागी भावाचा टाकला आणि ओळ बदलली. मी दुकानात जाऊन विचारलं, तर तो म्हणाला, "आडनाव सेम होतं ना, मला वाटलं तोच जॉब आहे." फ्लेक्स अजून तिथंच आहे. वारा आला की फडफडतो. त्याखालून विज्या रोज व्हॅन घेऊन जातो, मागे पोरं किलबिलत असतात.

त्या आठवड्यात मी तुझा नियम पाळला. कट्ट्यावर सगळे विज्याची आरती ओवाळत होते. वाघ, तोफ, खडकीचा राजा. एकानंही खोट सांगितली नाही. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "आधी खोट ऐका. विज्याचा उजवा गुडघा गेलेला आहे. आतली दोरी, लिगामेंट, तुटून किती वर्षं झाली, सांधली कधीच नाही. हाडांच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलंय, पुन्हा फिरला तर ब्रेक दाबायला पाय राहणार नाही. डाव्यानं मारताना त्याचं सगळं वजन त्या उजव्यावर येतं. तेव्हा हा खेळ बंद करा."

मला वाटलं, शहाणे होतील.

आपल्या बाजूचे म्हणाले, "दत्ता फितूर झाला." तेवढ्यात विज्या चहा घ्यायला उठला. पिंट्याची नजर त्याच्या चेहऱ्यावर नव्हती. खाली होती. विज्या टपरीपर्यंत गेला, परत आला, बसला, तोपर्यंत ती नजर तिथून हलली नाही. मग तो मला गोड आवाजात म्हणाला, "थँक यू काका. उजवा ना?"

नियमात काय चुकलं, सांग! खोट सांगायची ती खेळ समजावा म्हणून. तिच्यावर नेम धरायला कुणी शिकवलं यांना? तू असताना खोट सांगितली की ती कट्ट्यावरच राहायची. आता ती त्यांच्या फोनमध्ये गेली. मी सांगितलं ते खरंच होतं, आणि मी ते पुन्हाही सांगेन. पण ते ऐकणारा कट्टा आपला राहिलेला नाही, हे मी आधी तपासायला हवं होतं. लोखंड तापलंय की नाही ते न बघता हात लावणारा मी नाही.

परवा संध्याकाळी मी जाळीचे हुक बघायला मैदानावर गेलो. जमीन अशी वाळलीय की टाच आपटली तर टाचच दुखते. पलीकडच्या अंगाला नवी पोरं सराव करत होती. चेंडू नव्हता. वाळू भरलेलं पोतं उभं केलं होतं आणि पिंट्या धावत येऊन घसरत त्याला आडवं करत होता. दरवेळी एकाच बाजूनं, उजव्या. पोतं पडलं की दोघं जण ते उचलून तसंच उभं करायचे, गोलपोस्टकडे तोंड करून उभ्या माणसासारखं.

तिथून मी दुकानात आलो, तर तेजस शटरपाशी उभा. पोरगं अवघडलेलं. म्हणाला, "काका, तुम्ही विज्याकाकांना थांबवा ना."

"तू का नाही सांगत?"

"मी सांगितलं तर म्हणतील, घाबरला."

"आणि त्या पिंट्याला?"

"तो माझं ऐकत नाही. म्हणतो, तुझ्यासाठीच करतोय." मग म्हणाला, "काका, मला तो गोल बघायचा होता. खरंच. मी व्हिडिओ नाही मागितला कधी."

सदा, तू बरोबर होतास, पोरगं मान वर करून खेळतं. पण आता ती मान खाली होती.

मी तडक तुझ्या घरी गेलो. तुझ्या म्हणजे आता विज्याच्या. विज्याच्या बायकोनं, मंगलवहिनींनी, दार उघडलं आणि आत न बघताच हळू म्हणाल्या, "भावजी, तुम्ही बोला. माझं बोलून झालंय." विज्या पलंगावर पाय लांब करून बसला होता. तुझी जुनी जर्सी धुऊन दोरीवर घातलेली. त्यानं मला गुडघ्यावर हात ठेवायला सांगितलं आणि पाय दुमडला. आतून आवाज आला. गंजलेल्या बिजागरीचा मी शंभरदा ऐकलाय. माणसातून पहिल्यांदा ऐकला.

"पट्टा करून दे," तो म्हणाला. "मोज्याखाली लपेल असा. बाजारातला दिसतो, पंच लोखंड बघितलं की बाहेर काढतो. तू चामड्यात शिवून देशील तर कुणाला कळणार नाही. दहा मिनिटं पुरे. कोपऱ्यातून एकदा मारायचाय मला, बस."

"आणि नाही दिला तर?"

"तर उघड्या गुडघ्यानं मारीन."

मला पट्टा येत नाही असं समजू नकोस. मनातल्या मनात तिथंच करून झाला होता. दोन बाजूंना स्टीलच्या पट्ट्या, मध्ये पितळी बिजागरी, मागे जाणार नाही असा अटकाव, वर म्हशीचं चामडं. पुण्यात दुसऱ्या कुणाला जमणार नाही इतका नेटका झाला असता. पण मला एक गोष्ट माहीत आहे, ती तुला मी कितीदा सांगितली आहे. चांगला वेल्ड तुटत नाही, वेल्डच्या शेजारचं तुटतं. पिंट्या बाजूनं आला तर माझी पट्टी टिकेल रे. हाड नाही टिकणार. आणि पट्टा आहे म्हणून विज्या पाय मागे घेणार नाही.

मी नाही म्हटलं. तो भिंतीकडे बघत म्हणाला, "दादा असता तर त्यानं दिला असता."

असतास तर दिला असतास का? खरं सांग! आज पहिल्यांदा तुझा राग आला मला. इतकी वर्षं त्या गोलची गोष्ट इतकी छान सांगितलीस की तुझ्या भावाला ती सांगणारा लागायला लागला. जरा वाईट सांगायचीस!

मी बरोबर केलं की नाही, मला ठाऊक नाही. पट्टा दिला असता तर धोका, नाही दिला तरी धोका. मंगलवहिनी मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. तिथं विचारलं, "रविवारी मैदानावर ऊन किती वाजता चढतं हो?"

तुला शब्द देतो. रविवारी मी कट्ट्यावर बसणार नाही, जाळीमागेही नाही. उजव्या कोपऱ्याच्या झेंड्यापाशी उभा राहीन, विज्या चेंडू ठेवील तिथं. टेम्पो फाटकाशी उभा करीन, मागे गादी टाकून, तोंड रस्त्याकडे. त्यानं मारला, तर चेंडू कुठून वळला आणि पोस्टाच्या कुठल्या अंगाला लागला ते मी बघीन आणि मरेपर्यंत सांगत राहीन, कुणी साक्ष बाद केली तरी. नाही मारता आला, तर त्याला उचलणारे पहिले हात माझे असतील. पिंट्या आणि त्याच्यामध्ये जेवढी जागा असेल, तेवढ्यात मी असेन. पंचानं मला बाहेर काढलं तर काढू दे.

एक राहिलं. काल भाऊ स्वतः दुकानात आले होते, पट्ट्याचं विज्याकडून ऐकून. त्यांना विज्या मैदानात हवाय, गर्दीसाठी. म्हणाले, पट्टा शनिवारपर्यंत करून द्या, बोलायचं कुणाकडे नाही, आणि मैदानाच्या चारही बाजूंच्या रेलिंगचं काम तुमचं. दोन्ही मिळून तीन लाख चाळीस हजार रुपये, निम्मे रोख, तिथंच टेबलावर ठेवलेले. मी नाही म्हणालो.

तुझा,
दत्ता