पाच कोटींचा गुडघा

३ फेब्रुवारी, शनिवार
अर्नेस्टीन, मी बोलते तसंच लिही. सुधारत बसू नकोस. पोस्टात चाळीस वर्षं लोकांची पत्रं वाटलीस, कुणाचं काही बाहेर गेलं नाही — म्हणून तुला सांगते.

बास्केटबॉलच्या टीमला माझा नातू जेव्हॉन नकोय! नऊ वर्षं त्याच्या नावाने नाचले. आता तेहतिशीचा झाला, तर दुसऱ्या टीमला देऊन टाकायचाय. पण घेणार कोण? वर्षाला पाच कोटी डॉलर पगार! त्याचा एजंट पेल्हम माझा कॉर्नब्रेड खात समजावत होता. "आजी, नियम आहे. त्याला घ्यायचं तर साधारण तेवढ्याच पगाराची माणसं द्यावी लागतात. म्हणजे चार जण!"

"माझ्या बापाने मिसिसिपीत खेचर बदललं ते सोपं होतं म्हणायचं," मी म्हटलं. "त्याने निदान दात बघून घेतले होते."

पेल्हम हसला. जेव्हॉन नाही हसला.

४ फेब्रुवारी, रविवार
चर्चमध्ये सिस्टर ओपल म्हणते, "नातवाला पगार कमी घ्यायला सांग, मग कुणीही घेईल." म्हटलं, "आधी तू तुझी हॅट कमी कर, मागच्यांना पास्टर दिसत नाही."

६ फेब्रुवारी
जेव्हॉन जेवायला आला. खिडकीतून बघत होते. माझ्या दारात पायऱ्या पाच. प्रत्येक पायरीवर आधी डावा पाय, मग उजवा त्याच्या शेजारी. असं मी चढते — एक्क्याऐंशीची!

"गुडघा?"

"थंडी आहे गं आजी."

"चार वर्षं थंडीच चाललीय. जुलैतसुद्धा."

मग बोलला. इंजेक्शन घेऊन खेळतो. डॉक्टरने विचारलं की 'दुखत नाही' म्हणतो. "कळलं तर कोण घेईल मला? इथे रोज शिव्याच खाऊ? एकदा तरी जिंकायचंय, आजी. एकदा!"

अर्नेस्टीन, हे बाहेर गेलं तर तुझेही गुडघे शाबूत राहणार नाहीत.

७ फेब्रुवारी
फोन वाजत नाही.

८ फेब्रुवारी, गुरुवार
अदलाबदलीला दुपारी तीनपर्यंतच मुदत. तीनला दहा कमी असताना — ठरलं! हा तिकडे पश्चिमेला, चौघं इकडे. चार घरांत बायका सामान बांधायला लागल्या असतील. आता फक्त तिथल्या डॉक्टरची तपासणी बाकी.

निघताना म्हणाला, "देवाला सांग जरा."

"काय सांगू? ह्याचं खोटं खपू दे?" तळलेल्या माशांचा डबा हातात दिला. "मला खोटं सांग, चालेल. मला दिसतंच सगळं. डॉक्टरला नको."

चिडला. पायऱ्या धडाधड उतरला. मुद्दाम!

९ फेब्रुवारी
फोन नाही. दोनदा घेवडा करपला.

१० फेब्रुवारी, शनिवार
सगळं रद्द! पेल्हम फोनवर ओरडत होता, "आजी, एक्स-रेत फार काही दिसलंच नव्हतं! डॉक्टरने जाता जाता विचारलं, दुखतं का? आणि हा गाढव म्हणाला — हो!"

आत्ता गाडी थांबली. रस्त्यावर कॅमेरेवाले उभे आहेत. त्या सगळ्यांच्या देखत जेव्हॉन कठडा धरून, एकेक पायरी, वर येतोय.

पेन ठेव, अर्नेस्टीन. दार उघड.