अर्थ मोठ्यांदा म्हणायचा

४ जानेवारी
आले एकदाची कामावर! खोली ऐसपैस, पलंग मऊ. नवरा गेल्यापासून घोरणं ऐकायची सवय मोडली होती, आता पलीकडच्या खोलीतून सर घोरतात. सर जन्मापासून आंधळे, आणि जुन्यापान्या इंग्रजी शब्दांचे वेडे. जाड डिक्शनरीतला शब्द मी अक्षर अक्षर जोडून वाचायचा, ते अर्थ सांगणार, तो मी मोठ्यांदा म्हणायचा. गावच्या शाळेतलं इंग्रजी लागलं बाई कामाला! आजचा ‘एप्रिसिटी’. हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब. मी म्हणते न म्हणते तोच माझी पाठ शेकली. बाहेर तर आभाळ! सरांना म्हटलं, शेगडी काढून टाका आता. हसले नाहीत. मेले खडूस.

६ जानेवारी
‘सुसरस’. हळू कुजबुज. दुपारभर पुस्तकांची कपाटं कुजबुजत होती. कान लावून विचारलं, कोणाची चहाडी चाललीये, मलाही सांगा की!

९ जानेवारी
‘फेच’. जिवंत माणसाचं हुबेहूब दुसरं रूप. ते दिसलं की माणूस जातं. मी म्हणत होते तेव्हा सरांच्या बहीण, ताई, समोर चहा ओतत होत्या.
संध्याकाळी ताई स्वयंपाकघरात भांडी लावत होत्या. आणि जिन्यातही उभ्या होत्या.

१० जानेवारी
ताई पहाटे वारल्या. जीव जाण्याआधी माझा हात धरून म्हणाल्या, अर्थ म्हणताना ज्याचा चेहरा मनात येतो, त्याच्यावर शब्द बसतो. भाऊ जन्माचा आंधळा, त्याच्या मनात चेहराच येत नाही, म्हणून त्याला डोळस बाईची जीभ लागते. दाराशी बेवारस पडलेल्या चपला माझ्याआधीच्या बाईच्या, ती कुणाला परत दिसलीच नाही, म्हणाल्या.

११ जानेवारी
सरांना तोंडावर विचारलं. म्हणाले, जुने शब्द मरायला टेकलेत, त्यांना माणूस लागतं.
पळून जाऊ? मी? ताईंच्या मरणाचा हिशेब न घेता?
आजचा ‘रेलिक्ट’. नवऱ्यामागे उरलेली बाई. मुद्दाम माझाच चेहरा मनात आणला आणि खो खो हसले. उशीर झाला सर, हे होऊन गेलंय! सरांनी रागाने डिक्शनरी आपटली.

१२ जानेवारी
टेबलावर आरसा. आंधळ्याच्या घरात! मला त्यासमोर बसवलंय—
शब्द ‘एव्हॅनिश’. नाहीसं होणं.
बरं. वही मांडीवर. आरशाकडे बघतच नाही. सरांचं खडूस तोंड डोळ्यासमोर—
म्हटलं! ठणकावून!
सरांची खुर्ची रिकामी. त्यांचा काळा चष्मा तेवढा खाली—
पण म्हणतानाच मनात माझाच चेहरा आला, वा गं माझ्या शहाणे—
आरशात वही आहे. पेन चालतंय.
हात—
असू दे. पेन तर चालतंय ना! लिहीनच मी, बघू कोण अड