शाडू लागलेला हात

पेण, मंगळवार संध्याकाळ

अजून विश्वास बसत नाही. बाजारपेठेत रस्त्यालगतच्या गाळ्यांत फक्त दुकानंच असावीत, ऑफिसं, क्लास, गोदामं नकोत, हा ठराव व्यापाऱ्यांच्या सभेत मीच मांडला. बंद शटरं वाढली की गिऱ्हाईक फिरकत नाही, मग माझ्या बांगड्या कोण घेणार? हात वर झाले. शेजारच्या गाळ्यात गणपती घडवणाऱ्या नानांचाही, मनगटापर्यंत शाडू लागलेला.

मग अध्यक्षांनी कोणाला हलावं लागेल त्याची यादी वाचली. पहिलंच नाव नानांचं. म्हणे, तिथे विक्री गणपतीपुरती, बाकी वर्षभर कारखाना.

हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? त्यांच्या दारात मूर्ती बघत थांबलेल्या बायकाच तर माझ्याकडे वळतात! शेण खाल्लं मी.

दुकानाशी परत आल्यावर विचारलं, "नाना, तुम्ही हात कशाला वर केलात?"

"तू केलास ना गो," ते म्हणाले. "म्हटलं, आपल्या भल्याचंच असंल. मी नीट ऐकलंच नाय."

तो हात. शाडू वाळून पांढरा पडला होता. त्याच हाताने त्यांनी माझं जड शटर खाली ओढून दिलं, रोजच्यासारखं.