हातात काहीतरी हवं

माझ्या मानाच्या विहीणबाई स्तोयना यांस,

पेत्कानाचा वाकून नमस्कार आणि दोन्ही गालांवर एकेक मुका. तुमचे गुडघे कसे आहेत? व्याह्यांचा रक्तदाब खाली आला का, की अजून ते मिठाचा खडा पापासारखा लपवून खातात? तुमची ती काळी बकरी व्याली असेल एव्हाना. आम्ही इकडे श्टिपला सगळे ठीक, म्हणजे मी आणि यागोदा, तिचे आईबाप तिकडे परदेशी कामाला, मग दुसरं आहे कोण घरात. थंडी सरत आली आहे, पण मी अजून लोकरीचा पट्टा कमरेचा सोडलेला नाही आणि तुम्हीही सोडू नका, मार्चमधलं ऊन फसवं असतं. माझं अक्षर लागेल तसं लावून घ्या. शाळा मला आवडायची, पण घरच्या बकऱ्यांना मी जास्त आवडायचे, त्यामुळे शाळा लवकर सुटली.

आता आपल्या नातीबद्दल. आधीच सांगते, घाबरू नका, बातमी चांगली आहे. नुसती ती सुरू वाईट होते.

पितरांच्या शनिवारी आम्ही दोघी त्राय्कोच्या थडग्यावर गेलो. शिजवलेले गहू, वाइन, मेणबत्ती आणि अर्थात सिगारेट. (तुम्हाला ठाऊकच आहे, माझ्या नवऱ्याला वर भाकरी नाही मिळाली तरी चालेल, पण धूर हवा. शेवटच्या हिवाळ्यात तो असा खोकायचा की कपाटातल्या बश्या वाजायच्या. तरी मी नेते. इथे रोज भांडत होते, आता तिथे तरी मिळू दे बिचाऱ्याला.) ती सिगारेट पेटवून दगडावर ठेवायची असते आणि मला ती पेटवता येत नाही. दरवर्षी आजूबाजूच्या थडग्यांवरचा कोणीतरी बाप्या शोधावा लागतो. यंदा वारा असा सुटला होता की सगळे बाप्ये आपापल्या टोप्या धरून उभे. तेवढ्यात यागोदा म्हणाली, "आण इकडे." वाऱ्याकडे पाठ केली, हाताचा खोपा केला, एकच काडी. पेटली. मग तिने एक झुरका घेतला, विहीणबाई, डोळे मिटून, अगदी सावकाश, आणि मग ती आजोबांना दिली.

मी तर टाळीच वाजवली. "अगदी त्राय्को!" मोठ्याने म्हणाले. किती आनंद झाला म्हणून सांगू, रक्त कसं वर येतं बघा. शेजारच्या थडग्यावरची बाई माझ्याकडे बघायला लागली तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की अशी सफाई काही रक्तातून येत नाही.

घरी आल्यावर कॉफी टाकली आणि विचारलं, "कोण पोरगा आहे?" कारण मला वाटलं, कोणीतरी लावलं असेल नादी. "कुठला पोरगा गं आजी?" म्हणाली. तसं असतं तर बरंच झालं असतं, एकोणीस वर्षांची घोडी झाली, पण ते जाऊ दे. मग रडली. आणि मग जे सांगितलं ते ऐका.

ती ज्या शिलाईखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवते तिथे सकाळच्या मधल्या वेळी सिगारेट ओढणाऱ्यांना बाहेर अंगणात सोडतात. न ओढणाऱ्यांना नाही. का, तर त्या बाहेर जाऊन करणार काय? मशीनवर बसायचं. आत उरायच्या तिघी: एक कानाने बहिरी म्हातारी, एक मुकादमीण रत्काची जाऊ, जी रत्काशी बोलत नाही म्हणून कोणाशीच बोलत नाही, आणि आपली यागोदा. बाहेर सगळ्या हसायच्या आणि बंद खिडकीतून हिला नुसती तोंडं हललेली दिसायची. नेवेना म्हणून त्यांच्यात एक पुढारी मुलगी आहे, तिचा साखरपुडा झाला. सगळ्यांनी मिळून तिला चादरी घेतल्या. हिला कोणी विचारलंच नाही. "मुद्दाम नाही गं आजी," म्हणते, "बाहेर ठरलं ना, म्हणून राहून गेलं." बघा, वर त्यांचीच बाजू घेते. मग एक दिवस ही उठली आणि बाहेर गेली. नेवेनाने एक पुढे केली. ही खोकली, डोळ्यांतून पाणी आलं, सगळ्या हसल्या, पाठीवर थापा मारल्या. "आजी, त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा नावाने हाक मारली. तोवर मी 'कॉलरवाली' होते."

आता सांगा, मी काय बोलणार? फुप्फुसाचं सांगितलं. आजोबांचं सांगितलं. तो खोकला मला या घरात पुन्हा ऐकायचा नाही, हेही सांगितलं. तिला सगळं माहीत होतं, लहानपणी त्या भिंतीपलीकडेच तर झोपायची. माहीत असून ओढते. कॉलरवाली व्हायचं नाही म्हणून ओढते.

सोमवारी मी ठेवणीतला रुमाल डोक्याला बांधला आणि गेले शिलाईखान्यात. रत्का बाई वाईट नाही, आवाज तेवढा कात्रीसारखा. मी म्हटलं, माझ्या नातीला जरा हवा खायला बाहेर सोडत जा. "हवा? ओढते ना ती? मग जातेच की." मी म्हटलं, न ओढता. "न ओढता बाहेर कशाला?" मी म्हटलं, अगं हवा! "मग आतच खिडकी उघडू?" असं म्हणाली आणि आम्ही दोघी एकदमच ओरडलो, "नको, झोत लागेल!" (यात मात्र तिचं बरोबर होतं. घाम आलेल्या पाठीवर खिडकीचा झोत म्हणजे आठवडाभर अंथरूण. माझी मावसबहीण अशाच एका झोताने वाकडी झाली ती झालीच.) तेव्हा खिडकी उघडायची नाही, आणि बाहेर जायचं तर सिगारेट हवी. म्हणजे त्या शिलाईखान्यात चांगली हवा मिळते ती फक्त धूर ओढणाऱ्यांना. मी सबंध रस्ताभर हसत आले. दुसरं काय करणार.

मग मी पीठ मळलं. उपवासाचे दिवस, चीज नाही, अंडं नाही, म्हणून आंबवलेल्या कोबीचं सारण भरून झेल्निक भाजला, तेल सढळ, पापुद्रे असे की आरपार वर्तमानपत्र वाचावं. (तुमचे याहून पातळ होतात, हे मी पोरांच्या लग्नात मान्य केलं नव्हतं, आजही करणार नाही.) आणि मधल्या वेळी ताट घेऊन कुंपणाच्या दारात उभी राहिले. यागोदाने मला पाहिलं मात्र, कानापर्यंत लाल. "आजी, तुझ्या पाया पडते, घरी जा. आता मला काय म्हणतील, झेल्निकवाली?" मला वाटलं, विहीणबाई, पोरीने एवढ्या मुश्किलीने मिळवलेली जागा आपण ताटासकट पायदळी तुडवली की काय. पण ताट गरम होतं, आणि गरम ताट घेऊन परत फिरायचं मला कोणी शिकवलेलं नाही.

मी म्हटलं, पोरींनो या, पण ज्या हातात सिगारेट त्या हातात माझा झेल्निक नाही. नेवेना म्हणाली, "दुसरा हात आहे की, आजी." मी म्हटलं, "दुसऱ्या हाताने ताट धरायचं, मी म्हातारी आहे." तिने थोटूक टाचेखाली चिरडलं आणि ताट धरलं. मग एकेक जण आली. खाता खाता नेवेना म्हणते, "खरं सांगू? मला रविवारी घरी सिगारेटची आठवणसुद्धा होत नाही." "मग ओढतेस कशाला?" यागोदाने विचारलं. "मग मला बाहेर कोण सोडेल?" दुसरी म्हणाली, मी तर धूर आत घेतच नाही, नुसती धरते. तिसरी म्हणाली, मीपण. सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. एक जाडी, हसरी बाई तेवढी म्हणाली, "मला आवडते बाई, माझ्याकडे बघू नका," आणि तिने दुसरी पेटवली. खरं बोलली म्हणून तिला मी कडेचा कुरकुरीत तुकडा दिला.

एवढ्यात रत्का बाहेर आली, स्वतःची सिगारेट कानामागे खोचून. "हे काय चाललंय?" नेवेना म्हणाली, "संपत आलं, बाई," आणि हातातला तुकडा दाखवला. रत्काने तुकड्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि म्हणाली, "बरं, पटकन." बस! तिला एवढंच हवं होतं की हातात काहीतरी असावं. रिकाम्या हाताने उभी असलेली बाई तिच्या डोळ्यांना सोसत नाही, मग त्या हातात काय आहे याची तिला पंचाईत नाही. तिनेही एक तुकडा घेतला. (कोबी आंबट झालाय म्हणाली. दोन खाल्लेन.)

आता यागोदा खिशात सूर्यफुलाच्या बिया घेऊन जाते. नेवेना सफरचंद नेते. बहिऱ्या म्हातारीलाही विणकाम देऊन बाहेर काढलं आहे आणि ती सगळ्यांत मोठ्याने हसते म्हणे, न ऐकता. मी मंगळवारी ताट घेऊन जाते, तेव्हा मला सगळं कळतं: कोण जर्मनीला चाललं, कोणाच्या नवऱ्याने काय दिवे लावले. इतकी वर्षं मी या गावात राहून काय केलं, असं वाटतं. यागोदा घरी आली की बोलत बसते, विहीणबाई! जेवण गार होतं तरी बोलते. पूर्वी नुसतं "ठीक आहे" म्हणायची.

खोटं लिहीत नाही, कधीकधी कोटाला वास येतो. कॉलरी परत आल्या, रत्का ओरडली, की त्या दिवशी बिया पुरत नाहीत. मी विचारलं की खरं सांगते, आणि मी कॉफी टाकते. सुटेल. तिला त्या धुराची गरज नव्हती, माणसांची होती, आणि माणसं आता मिळाली आहेत.

व्याह्यांना नमस्कार, बकरीच्या पिलांना माझ्याकडून कुरवाळा. उत्तर लिहा, नाहीतर मी काळजी करून उगाच पीठ मळत बसेन.

तुमची,
पेत्काना

ता. क. खरं काम राहिलंच. ईस्टरला तुमची वेरिका आणि माझा ब्लागोय ल्युब्लियानाहून येणार, आधी बेरोवोला तुमच्याकडे उतरणार, आणि आम्हीही तिथेच येतो आहोत. वेरिकाने मागेच पोरीला बजावलं आहे की कधी वास जरी आला तर काम सोडवून आपल्याबरोबर घेऊन जाईन. सून माझी गुणाची आहे, बोलते ते करते. यागोदा तेव्हापासून नीट झोपलेली नाही. आत्ता कुठे तिला मैत्रिणी मिळाल्या आहेत. तेव्हा, विहीणबाई, रागावू नका, पण जेवण झाल्यावर वेरिका तुमच्या खुराड्यामागे कोंबड्या मोजायला जाते ना, वीस वर्षं झाली, आणि परत येताना तोंडात पेपरमिंट असतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. तुम्ही दरवेळी मान फिरवता. यंदा फिरवू नका. कॉफीबरोबर सगळ्यांदेखत तिच्यासमोर राखदाणी ठेवा आणि म्हणा, "बाहेर गारठा आहे, इथेच बस." मग ती पोरीला काय बोलणार? गप्प बसेल, आणि गप्प बसली तर पोरीचं ऐकून घेईल.

ता. क. २. राखदाणी तुमच्याकडे नसेल, मला माहीत आहे. बशी चालेल. पण जुनी तडा गेलेली नको, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सोनेरी काठाच्या कपांची द्या. म्हणजे तिला कळेल की आई रागावलेली नाही.